वर्दी संपल्यावर

दरवर्षी १४ एप्रिलला देशभरातल्या अग्निशमन केंद्रांवर मानवंदना दिली जाते. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या जहाजाला आग लागली होती. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. बंब पोहोचले, पाण्याचा मारा सुरू झाला, आणि दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या आत दोन स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. गोदीतला ढिगारा उपसायला हजारो माणसं पुढे कित्येक महिने राबत होती.

या दिवशी आपण गेलेल्यांची आठवण काढतो, आणि ती काढलीच पाहिजे. पण त्या दुपारी काही जण वाचलेही होते. आपल्याच सोबत्यांचे अवशेष त्यांनी गोळा केले, घरी जाऊन अंघोळ केली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्युटीवर आले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत घंटा वाजली की ते धावत राहिले. त्यांच्या झोपेचं काय झालं, घरात ते कसे वागू लागले, धुराचा वास आल्यावर त्यांना काय व्हायचं, हे आपण विचारत नाही. हे पुस्तक तेवढ्याच प्रश्नांसाठी आहे. ते अग्निशमन जवानांसाठी आहे, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवरच्या डॉक्टर आणि पायलटसाठी, म्हणजे चालकांसाठी आहे, पोलिसांसाठी आहे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, म्हणजे एनडीआरएफच्या जवानांसाठी आहे. आणि ज्यांच्या अंगावर गणवेश नसतो पण जे सर्वांच्या आधी पोहोचतात, त्यांच्यासाठीही आहे.

या शेवटच्या मंडळींविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण एरवी त्यांचा विचारच होत नाही. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि ३० जण गेले. दरीत उतरून मृतदेह वर आणायच्या कामात एनडीआरएफच्या बरोबरीने महाबळेश्वरचे स्थानिक ट्रेकर होते. सह्याद्रीच्या घाटांत असंच होतं. दोरखंड, हार्नेस आणि वाटांची माहिती असलेली गावातली पोरं रात्री-अपरात्री फोन आला की निघतात. कुणाचं दुकान असतं, कुणाचं हॉटेल, कुणी शिक्षक असतो. त्यांना या कामाचा पगार नाही, वरिष्ठ नाहीत, हजेरीपट नाही. त्यामुळे चार दिवसांनी ‘कसा आहेस रे’ असं विचारण्याची जबाबदारीही कुणावर नाही. काम संपलं की फोटो छापून येतो, सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं. सत्काराला माझा विरोध नाही. पण शाल खांद्यावर पडली की ‘मला त्रास होतोय’ हे सांगणं आणखी अवघड होऊन बसतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मुंबईच्या लोकलमार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं जीव गमावतात. रुळांवरून ते देह कोण उचलतं? लोहमार्ग पोलिसांबरोबर स्ट्रेचर घेऊन जाणारे हमाल. दिवसाला सहा-सात मृत्यू म्हणजे हे काम रोजचंच. इतक्या रोजच्या कामाला आपत्ती कुणी म्हणत नाही, म्हणून तिथे समुपदेशकांचं पथक जात नाही, मंत्री जात नाहीत, कॅमेरेही जात नाहीत. माझ्या मते या पुस्तकाचा खरा विषय इथे आहे. मोठी दुर्घटना माणसाला हलवून सोडते हे सर्वांना समजतं. पण या कामातली बरीच माणसं खचतात ती एका प्रचंड घटनेने नव्हे, तर वर्षानुवर्षं साचत गेलेल्या लहान-लहान घटनांनी. मग एखाद्या साध्याशा वर्दीवर, म्हणजे मदतीच्या बोलावण्यावर, जिथे कुणी दगावलेलंही नसतं, माणूस अचानक थरथरू लागतो. भोवतालच्यांना वाटतं, एवढ्याशा गोष्टीने याला काय झालं? त्यालाही तेच वाटतं, आणि त्याची त्याला लाज वाटते.

वैद्यकशास्त्राला हे उमगायलाही वेळ लागला. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या सैनिकांच्या थरकापाला ‘शेल शॉक’ म्हटलं गेलं. १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी त्यावर लिहिलं, तरीही त्यातल्या अनेकांना भेकड ठरवण्यात आलं. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली, आघातोत्तर ताणविकार म्हणजे पीटीएसडी हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं. आणि कामाचा भाग म्हणून भीषण गोष्टी पुन्हा पुन्हा पाहाव्या लागणं, उदाहरणार्थ मानवी अवशेष गोळा करणं, यानेही हा विकार होऊ शकतो, हे त्या यादीत स्पष्ट शब्दांत लिहिलं गेलं ते २०१३ साली. म्हणजे गोदीत अवशेष गोळा करणाऱ्यांच्या नातवंडांचे केस पिकायच्या वयात.

या विकाराची लक्षणं पुढे एका प्रकरणात नीट दिली आहेत, म्हणून इथे फक्त गाभा सांगतो. घडून गेलेली गोष्ट आठवत नाही, ती पुन्हा घडते. साध्या आठवणीला तारीख असते, ‘तेव्हा असं झालं होतं’ ही जाणीव असते. आघाताच्या आठवणीला ती नसते. वास, आवाज, एखादा रंग पुरतो आणि शरीर त्याच क्षणात जाऊन उभं राहतं: छाती धडधडते, तळहातांना घाम फुटतो, स्नायू ताठ होतात. यात वासाचं स्थान वेगळं आहे. दृश्य किंवा आवाज मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या टप्प्यातून पुढे जातात. वास तो टप्पा गाळून भावनांच्या केंद्रांपर्यंत जवळजवळ थेट पोहोचतो. म्हणून जळकट वासाने, डिझेलच्या वासाने किंवा पावसात भिजलेल्या मातीच्या वासानेही एखादा जवान जेवणाच्या ताटावरून उठून जातो आणि का उठलो ते त्याला सांगता येत नाही. मग तो टाळू लागतो. अमुक रस्ता टाळतो, लग्नसमारंभ टाळतो, टीव्हीवरच्या बातम्या टाळतो. टाळल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि त्या बरं वाटण्यामुळेच त्रास टिकतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. या सेवेतली बहुतेक माणसं आजारी पडत नाहीत. घटनेनंतर पहिले दोन-चार आठवडे झोप न लागणं, डोळ्यांपुढे तेच ते येणं, चिडचिड होणं हे अपेक्षितच असतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र विचार करणारं एक संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झालं. त्यात बचावकार्य करणाऱ्यांपैकी सुमारे दहा टक्के लोकांमध्ये पीटीएसडी आढळला, आणि रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण अग्निशमन जवान व पोलिसांपेक्षा अधिक होतं. दहातला एक. उरलेल्या नऊ जणांवर आजाराचं लेबल लावू नये, आणि त्या एकाला नऊ जणांचं उदाहरण देऊन गप्प बसवू नये.

लोकांना कशाचा त्रास होतो, याबद्दल बाहेरच्यांचे अंदाज बहुधा चुकतात. आपल्याला वाटतं, रक्त पाहून होत असेल. रॉबर्ट उर्सानो आणि जेम्स मॅकॅरॉल या अमेरिकी लष्करी वैद्यकातल्या संशोधकांनी मृतदेह हाताळणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा लहान मुलांच्या देहांइतकंच एका गोष्टीचं ओझं त्यांना जड गेलेलं दिसलं: मृतांच्या वस्तू. पाकिटातला फोटो, शाळेची वही, खिशात वाजत राहिलेला फोन. वस्तू हातात आली की देहाचा माणूस होतो, आणि मग ‘हा माझाही भाऊ असू शकला असता’ या विचारापासून सुटका नसते. म्हणून वस्तूंची नोंद करणारा आणि देह उचलणारा शक्यतो वेगळा असावा, चेहऱ्याकडे निरखून पाहू नये, नावं आवश्यकतेपुरतीच कळावीत, असे साधे नियम अनुभवातून तयार झाले. आपल्याकडे पंचनाम्याच्या घाईत एकच शिपाई हे सगळं करतो.

माळीणची गोष्ट इथे आलीच पाहिजे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं हे गाव डोंगराखाली गेलं. नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गावच जागेवर दिसलं नाही, आणि त्यातून बाहेरच्या जगाला ते कळलं. १५१ माणसं गेली. पावसात, चिखलात शोध आठवडाभर चालला आणि जसजसे दिवस गेले तसतसं काम अधिक कठीण होत गेलं. वाचवायला आलेल्यांच्या हाती वाचवण्यासारखं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. प्रशिक्षण जीव वाचवण्याचं असतं, आणि हाताशी मात्र देह येत राहतात. ही निष्फळता शारीरिक थकव्याहून वेगळी असते आणि अधिक काळ टिकते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. पायथ्यापासून दीड-एक तासाची चढण, वर धो-धो पाऊस. यंत्रं नेता आली नाहीत, म्हणून कुदळ, फावडी आणि घमेल्यांनी माती उपसावी लागली. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढावरच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण सापडले नाहीत आणि चौथ्या दिवशी शोध थांबवण्यात आला. तो निर्णय नातेवाइकांशी बोलून घेतला गेला आणि त्या परिस्थितीत तो योग्यच होता, असं माझं मत आहे. पण खाली उतरणाऱ्याच्या मनाला योग्य-अयोग्याचा हिशेब पुरत नाही. ज्या मातीत माणसं आहेत हे ठाऊक आहे त्या मातीकडे पाठ करून त्याला निघावं लागतं. ‘अजून एक दिवस खणलं असतं तर’, ‘रात्रीच पोहोचलो असतो तर’ असे विचार त्याच्या सोबत घरी येतात. यात भीती नसते, अपराधीपण असतं. अलीकडच्या अभ्यासात याला नैतिक इजा म्हणतात आणि तिची वाट पीटीएसडीपेक्षा वेगळी आहे. ‘तुझी काही चूक नव्हती’ असं सांगून ती बरी होत नाही. ते वाक्य ऐकणाऱ्याला असं वाटतं की समोरच्याला आपलं म्हणणं कळलंच नाही. त्याला आधी आपला हिशेब पूर्ण मांडू द्यावा लागतो: किती वाजता निघालो, कुठे थांबलो, कोणत्या क्षणी काय माहीत होतं आणि काय नव्हतं. त्यातून बहुतेकदा तो स्वतःच आपल्यावरचा आरोप थोडा सैल करतो. कधी करत नाही, आणि तेव्हा त्या दुःखासोबत जगायचं कसं यावर काम करावं लागतं.

आता उपायांकडे वळतो. इथे एका चुकलेल्या उपायाची हकीकत जरा लांबवणार आहे, कारण ती चूक आपण अजून करतो आहोत. जेफ्री मिचेल हे अमेरिकेतले स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ. १९८३ साली त्यांनी एक पद्धत मांडली: मोठ्या घटनेनंतर साधारण एक ते तीन दिवसांत सगळ्या पथकाला एकत्र बसवायचं आणि सात टप्प्यांत प्रत्येकाला काय पाहिलं, काय वाटलं ते बोलतं करायचं. कल्पना दयाळू होती आणि झपाट्याने जगभर पसरली. पण पुढे चाचण्या झाल्या तेव्हा निकाल वेगळेच आले. भाजलेल्या रुग्णांच्या १९९७ मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात असं बोलतं केलेल्यांपैकी २६ टक्के लोकांना तेरा महिन्यांनी पीटीएसडी होता, न केलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. रस्ते अपघातातल्या जखमींचीही तीन वर्षांनंतरची तपासणी अशाच दिशेने गेली. २००२ साली सुझाना रोझ, जोनाथन बिसन आणि सायमन वेसली यांनी अशा अभ्यासांचा आढावा घेऊन निष्कर्ष काढला की एका बैठकीत सर्वांना सक्तीने बोलतं करण्याने पीटीएसडी टळत नाही. आघातानंतर सर्वांना अशी बैठक देऊ नये, असा सल्ला पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही दिला. मिचेल यांच्या बाजूने एक आक्षेप रास्त आहे: त्यांची पद्धत पथकांसाठी होती आणि चाचण्या एकेकट्या रुग्णांवर झाल्या. तरीही सक्तीचा मुद्दा उरतोच. पहिल्या काही दिवसांत मन आपल्या गतीने काही आठवतं, काही बाजूला ठेवतं. त्यात ढवळाढवळ करून, वर शेजारी बसलेल्या सोबत्याने पाहिलेलंही ऐकवून आपण भर घालतो.

आपल्याकडे दुर्घटनेनंतर ‘बोल, मन मोकळं कर’ असा आग्रह धरणारे शुभचिंतक पुष्कळ असतात. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण ज्याला आत्ता झोपायचं आहे त्याला झोपू द्यावं. मानसशास्त्रीय प्रथमोपचार म्हणून जो मार्ग आज सुचवला जातो तो फार साधा आहे. माणूस सुरक्षित आहे का पाहा, त्याला पाणी, जेवण, कोरडे कपडे द्या, घरच्यांशी फोन जोडून द्या, तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर जवळ बसा, आणि पुढे मदत कुठे मिळेल ते सांगून ठेवा. यासाठी मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. शेजारच्या खाटेवरचा सोबती पुरतो, आणि बहुतेक वेळा तोच अधिक उपयोगी पडतो. ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये याच पायावर सोबत्यांची एक व्यवस्था उभी राहिली. दलातल्याच काही जणांना प्रशिक्षण देतात. घटनेनंतर काही दिवसांनी आणि पुन्हा महिन्याने ते आपल्या सोबत्याशी ठरावीक मुद्द्यांवर बोलतात आणि त्रास कमी होत नसेल तर उपचारांकडे पाठवतात. हे उपचार नव्हेत. त्रास वेळेवर लक्षात यावा एवढाच या व्यवस्थेचा हेतू आहे, आणि तो साधला तरी पुष्कळ झालं.

ज्यांचा त्रास महिन्यानंतरही टिकतो त्यांच्यासाठी मात्र परिणामकारक उपचार आहेत, हे ठळक अक्षरांत लिहिण्याजोगं आहे. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या उपचारात माणूस सुरक्षित जागी, प्रशिक्षित उपचारकासमोर, ती घटना वर्तमानकाळात पुन्हा पुन्हा सांगतो आणि टाळलेल्या जागांकडे पायरीपायरीने परत जातो. वर ज्या बोलण्याला मी विरोध केला त्याच्याशी हे विसंगत वाटेल. फरक वेळेचा, इच्छेचा आणि सोबतीचा आहे. वरवर भरलेली जखम आत पू धरते तेव्हा डॉक्टर ती उघडून साफ करतात, पण ते अपघाताच्या जागी, रस्त्यावर करत नाहीत. फ्रान्सीन शपिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेली, डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर पद्धतही जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत आहे. औषधं काहींना लागतात, सर्वांना नाही. दारू मात्र कुणालाच बरं करत नाही. ती झोप आणते आणि स्वप्नांसकट परत देते. आपल्या दलांमध्ये दारूकडे शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहिलं जातं. अनेकदा ती न झालेल्या उपचारांची जागा भरत असते.

इथवर आलं की माझा मुद्दा व्यक्तीकडून सेवेकडे जातो. सावरणं हे हिमतीवर सोडता येत नाही. बारा-बारा तासांच्या पाळ्या, रद्द झालेल्या रजा, भरतीअभावी एकाच्या वाट्याला दोघांचं काम, असं असताना ध्यानधारणेचं शिबिर घेणं म्हणजे छप्पर गळत असताना घरातल्याला पोहायला शिकवणं. २०१६ साली मुंबईचे तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू केला. ही कल्पना एका शिपायाकडून आली होती. मला त्या प्रयोगाचं महत्त्व मानसिक आरोग्याच्या कुठल्याही व्याख्यानमालेपेक्षा अधिक वाटतं. झोप पुरेशी नसेल तर मेंदूला आघाताची आठवण जागी लावता येत नाही, आणि झोपेसाठी तास लागतात.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. ‘साहेबांना सांगू नका’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं तितकं दुसरं कुठलंच नाही. आजार कळला तर बढती अडेल, शस्त्र काढून घेतील, कंत्राटी असेल तर कंत्राटच जाईल, ही भीती काल्पनिक नाही. दलाच्या आवारातच, वरिष्ठांच्या खोलीशेजारी समुपदेशन कक्ष असेल तर तिथे कुणी जाणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा अधिकार दिला आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच धरावं असंही म्हटलं आहे. हा अधिकार दलांच्या सेवानियमांत उतरायला हवा. २०२२ पासून सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरातूनही लावता येतो, तोही मराठीत बोलून. ज्याला स्वतःचा जीव नकोसा वाटतो आहे त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी पुढचं पान उलटण्याआधी तो लावावा.

तिसरी गोष्ट काळाची. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यात ३४३ जण गमावले. तिथे राबलेल्यांच्या उपचारांसाठी झालेला कायदा पुढे २०९० सालापर्यंत वाढवण्यात आला, आणि त्यात पीटीएसडीसारख्या मानसिक आजारांचाही समावेश आहे. म्हणजे त्या दिवशी विशीत असलेल्या जवानाला तो म्हातारा होईपर्यंत दार उघडं आहे. ९ मे २०१५ च्या काळबादेवीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेली पिढी आज सेवेत आहे. तिलाही कुणीतरी आज विचारावं आणि निवृत्तीनंतरही विचारावं, अशी माझी मागणी आहे.

पुस्तक सलग वाचलं नाही तरी चालेल. कुटुंबीयांसाठीचं प्रकरण मुद्दाम सुरुवातीला घेतलं आहे, कारण बदल आधी बायकोला, आईला, मुलीला दिसतो. केंद्रप्रमुखांसाठीचं प्रकरण सर्वांत छोटं आहे आणि ते उद्यापासून अमलात आणता येईल. अवघड वर्दीवरून पथक परतलं की आधी सर्वांना जेवू घाला. ज्यांनी मुलांचे देह उचलले त्यांना त्या पाळीत पुन्हा बाहेर पाठवू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रत्येकाशी वेगवेगळं, दोन मिनिटं बोला, झोपेविषयी विचारा. उत्तर काहीही आलं तरी नाव आणि तारीख स्वतःच्या डायरीत लिहून ठेवा, आणि महिन्याने त्याच माणसाला तोच प्रश्न पुन्हा विचारा.